समुद्रापलीकडून परतल्यावर

सुरतेत १८२९ साली जन्मलेले नागर ब्राह्मण महीपतराम रूपराम नीळकंठ शिक्षणपद्धतीच्या अभ्यासासाठी १८६० साली विलायतेस गेले. परमुलखात बिऱ्हाड थाटताना अन्न, उदक नि आचार सांभाळण्याची विवंचना असतेच. पण कालांतराने तीही अंगवळणी पडते. महीपतरामांची खरी कसोटी लागली ती १८६१ मध्ये स्वदेशी परतल्यावर. ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. आम्हां वकिलांना शिक्षेची मुदत ठाऊक असते. पंक्तीतून उठविलेल्यास ती कोणी सांगत नाही. पत्नी पार्वतीकुंवर यांनीही तो बहिष्कार सोसला. सारस्वतांतही असे वाद मठांपर्यंत गेले, हे वाचकांस ठाऊक असेलच. महीपतरामांनी इंग्लंडचे प्रवासवर्णन गुजरातीत लिहिले, अहमदाबादेच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडविले. पंक्तीत पुन्हा पान मिळण्यास मात्र प्रायश्चित्त घ्यावे लागले.