प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटी: तुमच्या लॅपटॉपला धोका आहे का? असं तपासा

दोडामार्गहून म्हापशाला किंवा सावंतवाडीला जाऊन जुना लॅपटॉप घेणार असाल, तर रॅम आणि बॅटरीबरोबर प्रोसेसरचा नंबरही बघा. काही त्रुटी थेट चिपच्या रचनेतच असतात.

नेमकी त्रुटी काय?
जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' या त्रुटी जाहीर झाल्या. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. खानावळीचा मालक नेहमीचं गिऱ्हाईक दिसताच सुरमई तव्यावर टाकतो, तसंच. अंदाज चुकला तर ती बाजूला राहते. पण नंतर दुसऱ्या कुणी सुरमई मागितली आणि ती क्षणात पानात आली, तर आधी काय तळलं होतं ते त्याला कळतं. प्रोसेसरमध्येही अशाच वेळेच्या फरकावरून पासवर्डसारखी माहिती ओळखता येते.

कोणत्या चिपमध्ये?
मेल्टडाऊनचा फटका मुख्यतः इंटेलला बसला. स्पेक्टर इंटेल, एएमडी आणि मोबाईलमधल्या एआरएम चिपमध्येही आढळली. २०२३ मध्ये एएमडीच्या झेन २ चिपमध्ये 'झेनब्लीड', तर इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीत 'डाऊनफॉल' सापडली.

कसं तपासाल?
• विंडोज: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'सीपीयू' उघडा. 'कोअर आय५-८२५०यू' मधला ८ म्हणजे आठवी पिढी. नंबर १०२१० किंवा ११३५ असा असेल, तर पहिले दोन अंक धरा.
• लिनक्स: टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. त्रुटीपुढे 'मिटिगेशन' म्हणजे बंदोबस्त झालेला आहे, 'व्हल्नरेबल' म्हणजे धोका कायम आहे.
• अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा.

मग काय करायचं?
यादीत चिप सापडली म्हणून लॅपटॉप टाकून देऊ नका. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि बायोस अपडेट केल्यावर धोका बराच कमी होतो. काही कामांत वेग थोडा घटतो, इतकंच.

खरी अडचण अपडेट न मिळणाऱ्या मशीनची आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. असा लॅपटॉप स्वस्तात मिळाला, तरी बँकेचे व्यवहार त्यावर करण्याआधी अपडेट मिळणारी लिनक्स टाकून घ्या.