कात्रीने घडलेली जास्वंद

बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ उथळ पात्रातील लागवड एवढाच आहे. परंतु या शब्दाबरोबर जगभर जी चित्रे पोहोचली ती पाइन, जुनिपर आणि मेपल या थंड प्रदेशांतील वृक्षांची होती, आणि त्यामुळे या कलेचे नियमही त्याच वृक्षांच्या सवयींना धरून रूढ झाले. वर्षभर हिरवी राहणारी, थंडीला कधीच न सरावलेली आणि कुंपणाची किंवा पूजेच्या फुलांची म्हणून ओळखली गेलेली जास्वंद त्या नियमांत बसत नव्हती. तिला तबकात आणण्याची वाट जपानी तारेपेक्षा दक्षिण चीनमधील कात्रीने अधिक मोकळी केली, आणि तबकात आल्यावरही तिने आपल्या फुलाचा आकार मात्र सोडला नाही.

जास्वंदीची लिखित नोंद या दक्षिण चीनमध्येच फार जुनी आहे. जी हान याच्या नावावर असलेल्या आणि परंपरेने इ. स. 304 मधील मानल्या गेलेल्या ‘नान्फांग त्साओमू च्वांग’ या दक्षिणेकडील वनस्पतींच्या ग्रंथात ती ‘झूजिन’, म्हणजे शेंदरी जास्वंद, या नावाने येते. या ग्रंथाचा काही भाग पुढच्या शतकांतील असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि ते लक्षात ठेवूनही त्यातील वर्णनाचे मोल कमी होत नाही. झाड चार-पाच चिनी फुटांहून उंच होत नाही, पाकळ्यांबाहेर डोकावणाऱ्या केसरदांड्यावर सोन्याचा भुगा असतो, फूल सकाळी उमलून संध्याकाळी गळते आणि फांदी मातीत खोचली की जगते, हे सारे तेथे नोंदलेले असून, ही वनस्पती आजच्या ग्वांगतोंग प्रांतात मोडणाऱ्या गाओल्यांग या भागातील असल्याचेही म्हटले आहे. फांदी खोचताच जगणे हा गुण पुढे तबकातील झाड घडवणाऱ्यांच्या विशेष उपयोगी पडला.

भारतात ‘जपा’ या नावाने ती संस्कृतात रुळली, बंगालमध्ये कालीच्या आणि महाराष्ट्रात गणपतीच्या पूजेशी जोडली गेली, तर युरोपीय वनस्पतिशास्त्रात ती मलबारच्या किनाऱ्यावरून शिरली. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याच्या, 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये ती ‘शेम-परिती’, म्हणजे तांबडी कापूस-वनस्पती, या मलबारी नावाने चित्रित आहे. या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी आपल्या ज्ञानाचा वाटा दिला आणि त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीत लिहिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले गेले. पुढे 1753 मध्ये लिनियसने तिला ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’, म्हणजे चीनचा गुलाब, असे नाव दिले. रानात आपोआप वाढलेली तिची मूळ वस्ती निश्चितपणे दाखवता येत नाही. पॅसिफिक बेटांवरील दोन जातींच्या संकरातून ती माणसाच्या हातून घडली असावी, असे अलीकडील काही संशोधकांनी मांडले आहे. ते मान्य केले तर लिनियसने दिलेल्या नावातील ‘चीन’ हा केवळ मधला मुक्काम ठरतो.

जपानमध्ये जास्वंद बोन्सायच्या सुवर्णकाळाआधीच पोहोचली होती. 1614 मध्ये सात्सुमाच्या शिमाझू सरदाराने र्‍युक्यू बेटांवरील, म्हणजे आजच्या ओकिनावातील, जास्वंद तोकुगावा इएयासू याला भेट म्हणून पाठवली, अशी नोंद सांगितली जाते. ओकिनावात ती उघड्यावर वर्षभर फुलते आणि बेटाच्या दक्षिण भागात तिला परलोकाचे फूल मानून थडग्यांजवळ लावतात. मुख्य जपानी बेटांवर मात्र हिमतुषाराने ती मरते, म्हणून तिला हिवाळ्यात आडोशाला ठेवावे लागे. ज्या कलेत झाडाने ऋतू अंगावर घेऊन म्हातारे व्हावे अशी अपेक्षा असते, तेथे हिवाळ्यात घरात दडणाऱ्या झाडाला स्थान मिळणे कठीणच होते. दुसरी अडचण हत्याराची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जपानी कारागिरांत तांब्याची तार रूढ होत गेली आणि फांदीभोवती तार गुंडाळून तिला हवे तसे वळण देणे हे बोन्सायचे मुख्य तंत्र बनले. पाइनची लवचीक फांदी ते सोसते. जास्वंदीची कोवळी हिरवी फांदी सहज वळते खरी, परंतु साल तपकिरी होऊन लाकूड भरले की ती वाकवताना कट्‌कन मोडते. शिवाय उष्ण हवेत ती इतक्या वेगाने जाड होते की काही आठवडे विसरलेली तार सालीत रुतून कायमचे वळ सोडते.

या अडचणीवरचा उपाय ज्या परंपरेत तयार झाला तिचे नाव लिंगनान. लिंगनान म्हणजे पर्वतरांगांच्या दक्षिणेचा मुलूख, ढोबळमानाने ग्वांगतोंग आणि ग्वांगशी, आणि ‘झूजिन’च्या त्या प्राचीन वर्णनातील गाओल्यांगही याच मुलखात येते. चीनमध्ये तबकात झाडे व खडक मांडण्याच्या कलेला ‘पेंजिंग’ म्हणतात. राजपुत्र झांगह्वाई याच्या 706 मधील थडग्याच्या भित्तिचित्रात अशी तबके हातात धरलेले सेवक दिसतात, इतकी ही कला जुनी आहे. यांगझोऊसारख्या उत्तरेकडील शाखांत फांद्या माडवर्गीय झाडाच्या तंतूंनी बांधून वळवल्या जात. याउलट ग्वांगझोऊमध्ये 1930 च्या दशकाच्या सुमारास कोंग थायचू आणि हायच्वांग मठातील भिक्षू सू रेन यांच्या हातून जी रीत आकाराला आली तिचे सूत्र ‘फांदी वाढू द्यावी, खोड कापावे’ असे होते. खोड किंवा फांदी हव्या त्या जाडीपर्यंत मोकाट वाढू द्यायची, मग निर्दयपणे आखूड कापायची, कापाजवळच्या योग्य दिशेच्या डोळ्यातून निघालेला एकच फुटवा राखून तो पुन्हा तसाच वाढवायचा आणि पुन्हा कापायचा, असे वर्षानुवर्षे करत गेले की प्रत्येक तुकडा मागच्यापेक्षा बारीक होत जातो आणि प्रत्येक कापापाशी दिशा बदलते. त्यामुळे चिनी शाईचित्रांतील कोनाकोनाने वळणारी फांदी तारेवाचून मिळते. ही रीत उष्ण प्रदेशाचेच अपत्य होती, कारण वर्षाचे बहुतेक महिने फुटवा धरणारे झाड नसेल तर एवढे काप भरून येण्यास एका माणसाचे आयुष्य पुरणार नाही. आपल्याकडे कुंती म्हणून ओळखले जाणारे सुगंधी झुडूप हे या शाखेच्या आवडत्या झाडांपैकी एक आहे.

जास्वंदीवर आज जे संस्कार केले जातात ते बहुतांशी याच सूत्राचे आहेत. छाट कलमाने केलेले रोप प्रथम जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षे वाढवून खोड जाड करतात, पावसाळ्याच्या तोंडाशी ते बुंध्यापासून थोड्या उंचीवर कापतात, आणि तार वापरलीच तर ती फक्त हिरव्या फुटव्यांपुरती. दोन पानांमधील अंतर, म्हणजे पेर, लांब असणे हा तिचा दोष भरपूर उन्हाने आणि वारंवार शेंडा खुडल्याने बराच झाकला जातो, आणि पानेही हळूहळू लहान होतात.

फूल मात्र लहान होत नाही. वनस्पतीच्या पानांचा आकार अन्न, प्रकाश आणि छाटणी यांनुसार बदलतो, तर फुलाचा आकार जवळजवळ पूर्णपणे जातीवर ठरतो, म्हणून वीतभर उंचीच्या झाडावरही तळहाताएवढे फूल येते. अनेक टीकाकारांना हे प्रमाणभंग वाटते; तथापि जे झाड फुलासाठीच शतकानुशतके लावले गेले त्याच्याकडून फूल लपवण्याची अपेक्षा करणे हाच खरा प्रमाणभंग म्हणावा लागेल. याहून मोठा पेच छाटणीच्या वेळेचा आहे. जास्वंदीची कळी नव्या फुटव्यावरील पानाच्या बेचक्यात धरते, त्यामुळे आकार राखण्यासाठी चाललेली प्रत्येक कात्री येऊ घातलेला बहर कापून टाकते, आणि माळ्याला वर्षाचे दोन भाग करून एकात झाड घडवावे व दुसऱ्यात ते थोडे बेढब होऊ द्यावे लागते.

विसाव्या शतकात हवाईमध्ये हा पेच वाढला. तेथील स्थानिक पांढऱ्या जाती, चिनी जास्वंद आणि पूर्व आफ्रिकेतील झुंबर जास्वंद यांच्या संकरांतून शेकडो नवे वाण तयार झाले, जास्वंद 1923 मध्ये त्या प्रदेशाचे अधिकृत फूल ठरली, आणि फुलांची स्पर्धा ताटाएवढ्या पाकळ्यांकडे धावू लागली. गंमत अशी की त्याच बेटांवर हारुओ कानेशिरो यांच्यासारखे ओकिनावी वंशाचे कलाकार वडवर्गीय झाडांवर उष्ण कटिबंधीय बोन्सायची स्वतंत्र रीत बसवत होते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातील उष्ण झाडांच्या काचघराला त्यांचेच नाव आहे. नव्या संकरांची मुळे नाजूक आणि फुले अवाढव्य असल्याने तबकासाठी जुनी, साधी, एकेरी लाल जास्वंदच सरस ठरली, म्हणजे कोकणातील कोणत्याही परसाच्या कडेला जी फुकट मिळते तीच.

फुलाचा हट्ट ज्यांना परवडत नाही त्यांनी तिच्या समुद्रकाठच्या भाऊबंदाकडे मोर्चा वळवला. पिवळ्या फुलांचा बेलपाट हा खाडीकाठचा वृक्ष, ज्याच्या सालीच्या वाखाचे दोर वळले जातात, तो 2001 मध्ये पॉल फ्रायक्सेल याने हिबिस्कसपासून वेगळा काढून ‘टॅलिपरिती’ या प्रजातीत ठेवला, आणि रीडच्या ग्रंथातला ‘परिती’ हा मलबारी शब्द अशा रीतीने पुन्हा शास्त्रीय नावात आला. इंडोनेशियात ‘वारू’ म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष तेथील बोन्साय करणाऱ्यांचा आवडता आहे, कारण त्याची तळहाताहून मोठी हृदयाकृती पाने वारंवार खुडून नाण्याएवढी करता येतात. मात्र इतक्या छाटणीनंतर तो क्वचितच फुलतो.