मुक्त रिले
मुक्त रिले किंवा ओपन रिले म्हणजे कोणत्याही अनोळखी प्रेषकाचा ईमेल कोणत्याही पत्त्यावर पुढे पाठवणारा मेल सर्व्हर होय. १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात एसएमटीपी प्रोटोकॉल मांडला गेला, तेव्हा असा रिले गैर मानला जात नव्हता. अनेक संगणक अधूनमधूनच जोडले जात आणि एकमेकांचे टपाल पोहोचवणे हे सहकार्य समजले जाई. १९९० च्या दशकात स्पॅम पाठवणाऱ्यांनी या सौजन्याचा गैरफायदा घेतला. सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीपासून (१९९८) रिले मुळातच बंद ठेवण्यात आला.

याचा फटका मुख्यतः निरपराध वापरकर्त्यांना बसतो. सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला की संस्थेचे खरे ईमेलही ५५० किंवा ५५४ अशा कायमस्वरूपी नकाराच्या संकेतांकासह परत येतात. प्रशासकाला पहिली चाहूल बहुधा तुंबलेल्या रांगेतून आणि लॉगमधील अपरिचित पत्त्यांवरून लागते. रिले बंद न करताच यादीतून वगळण्याची विनंती करणे व्यर्थ ठरते. बाहेरगावच्या वापरकर्त्यांसाठी ५८७ क्रमांकाचे पोर्ट व पासवर्डची पडताळणी वापरतात. मात्र एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेल्यास बंद रिलेतूनही स्पॅम जातो, आणि अशा वेळी रिलेची चाचणी निर्दोषच दिसते.