इन कोल्ड ब्लड

अमेरिकन लेखक ट्रूमन कपोटी (१९२४–८४) यांचे सत्य गुन्हेकथा या प्रकारातील पुस्तक. १९६५ मध्ये ते ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात चार भागांत छापून आले आणि जानेवारी १९६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. कपोटी त्याला ‘नॉनफिक्शन नॉव्हेल’ म्हणत, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असल्याचे सांगत. पुस्तकावरचा सगळा वाद या दाव्यातूनच उभा राहिला.

कॅन्सस राज्यातील होलकोम गावात १५ नोव्हेंबर १९५९ च्या पहाटे हर्बर्ट क्लटर हे शेतकरी, त्यांची पत्नी बॉनी आणि दोन मुले यांची घरात हत्या झाली. घरात दहा हजार डॉलरांची तिजोरी आहे, असे खुन्यांपैकी एक, रिचर्ड हिकॉक याने तुरुंगातल्या सोबत्याकडून ऐकले होते. तिजोरी नव्हतीच. हिकॉक आणि पेरी स्मिथ यांच्या हाती पन्नासच्या आतच डॉलर लागले. १४ एप्रिल १९६५ रोजी दोघांना फाशी झाली. वर्तमानपत्रातली हत्येची लहानशी बातमी वाचून कपोटी तिथे गेले होते. सोबत बालमैत्रीण हार्पर ली होत्या. मुलाखतींच्या वेळी ते टिपणे घेत नसत, ध्वनिमुद्रणही करत नसत. ऐकलेले नंतर आठवणीतून लिहून काढत. त्यामुळे पुस्तकातल्या पानपानभर संवादांचा आधार काय, हा प्रश्न परीक्षकाने पहिल्यांदा विचारायला हवा.

तो नेटाने विचारला फिलिप टॉम्पकिन्स यांनी. ‘एस्क्वायर’ मासिकातील १९६६ च्या लेखासाठी ते कॅन्ससला गेले, माणसांना भेटले, कागदपत्रे पडताळली. क्लटरांच्या मुलीची घोडी बेब हिचे उदाहरण बोलके आहे. पुस्तकात ती लिलावात मेनोनाइट पंथाचा एक परका शेतकरी नांगराला जुंपायच्या विचाराने पंचाहत्तर डॉलरांना घेतो, आणि वाचकाच्या पोटात कालवते. टॉम्पकिन्स यांच्या शोधानुसार गावच्याच पोस्टमास्तरांच्या वडिलांनी तिला याहून दुपटीपेक्षा जास्त किंमत मोजली होती. तपशील क्षुल्लक, पण लेखकाचा हात कुठे फिरला ते त्यात स्पष्ट दिसते. स्मिथ कोठडीत रडल्याचा प्रसंग ज्या बाईंच्या तोंडी घातला आहे, त्यांनीही आपण त्याला रडताना ऐकले नसल्याचे सांगितले. तपास अधिकारी ॲल्विन ड्यूई यांची स्मशानातील भेट, म्हणजे पुस्तकाचा शेवटच, कल्पित आहे.

समीक्षक केनेथ टायनन यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक जिव्हारी लागणारा होता: हिकॉक आणि स्मिथ यांना वाचवण्यासाठी कपोटींनी पुरेसे प्रयत्न केले नाहीत. फाशीवाचून पुस्तक पुरे होणार नव्हते, हे खरेच आहे. कपोटींनी हा आरोप फेटाळला.

गद्य म्हणून हे पुस्तक अव्वल आहे. क्लटर घराचा शेवटचा दिवस आणि दोघा खुन्यांचा मोटारीतला प्रवास आलटूनपालटून समोर येतो. पुढे काय होणार ते ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववत नाही. पण स्मिथचे बालपण, त्याची स्वप्ने, त्याचे दुखरे पाय यांना जेवढी माया मिळाली, तेवढी मारल्या गेलेल्या बॉनी क्लटर यांना मिळाली नाही. त्या केवळ आजारी, खचलेल्या बाई म्हणून उरतात. परीक्षणाने हे नोंदवायलाच हवे, कारण स्वतःची बाजू मांडायला त्या नव्हत्या.

२०१३ मध्ये तपास संस्थेच्या जुन्या कागदांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. तुरुंगातल्या त्या सोबत्याकडून खबर मिळताच हिकॉकच्या घरी त्याच संध्याकाळी तपास संस्थेचा माणूस गेला, असे पुस्तक सांगते. कागदांनुसार मध्ये पाच दिवस गेले होते. या फरकामुळे पुस्तकात तपास अधिक तत्पर दिसतो, आणि तपास अधिकारी ड्यूई हे कपोटींचे मुख्य माहितीदार आणि पुढे स्नेही होते.