ढगातली अमानत

ढगाला दूत करून निरोप धाडायची कल्पना आम्हा कवी लोकांची. पण ढगात कागदपत्रं ठेवायची कल्पना इंजिनिअर लोकांची. टेलिफोनचं किंवा संगणकांचं जाळं कागदावर काढताना जो भाग आपल्या कामाचा नाही, तिथे ते ढगासारखी वळणदार रेघ काढून मोकळे होत. आत काय चाललं आहे याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही, एवढाच त्या चित्राचा अर्थ. ‘क्लाउड’ हे नाव तिथून आलं. म्हणजे फार चौकशी करू नका, हे नावातच सांगितलेलं आहे.

श्रोतेहो, ही गोष्ट आपण समजतो तेवढी नवी नाही. १९६० च्या आसपास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यायचं, अशी रीत होती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वेगळाच प्रयोग दाखवला. यंत्र एकच, पण त्याला अनेक टंकयंत्रं जोडलेली. प्रत्येकाला ते क्षणाचा तुकडा तुकडा देत पुढे सरकतं. चपळ वाढपी सगळ्या पंगतीला एकटा वाढतो आणि प्रत्येकाला वाटतं, याचं लक्ष माझ्याच पानाकडे आहे, तसं. पुढे याच पद्धतीवर एका वेळी तीसेक माणसं काम करू लागली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने तिथल्याच एका भाषणात सांगून ठेवलं, की टेलिफोनसारखी संगणकाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल.

पण घर सामाईक झालं की कुलूप आलंच. ज्याचं लिखाण त्यालाच दिसावं म्हणून या यंत्रावर पासवर्ड आले. १९६६ मध्ये त्याची फजितीही झाली. एक व्यवस्थापक पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता, दुसरा त्याच वेळी रोजची सूचना लिहीत होता. यंत्राने दोघांच्या कच्च्या प्रतींची अदलाबदल केली, आणि त्यानंतर जो जो यंत्रावर आला त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले! आजच्या ‘डेटा फुटला’ या बातम्यांचा आद्य पूर्वज हाच म्हणावा.

पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि वारं उलटं फिरलं. यंत्र आपल्या टेबलावर, लिखाण आपल्या खिशातल्या फ्लॉपीत. मालकी कुणाची, हा प्रश्नच उरला नाही.

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये केलेला पहिला ब्राउझर नुसता वाचायचा नव्हता. त्यातच पान लिहिता आणि बदलता येत होतं. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९९३ साली मोझेक हा ब्राउझर आला आणि लोकप्रिय झाला, पण तो वाचण्यापुरताच. लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार, हा वर्तमानपत्राचाच न्याय तिथे लागू झाला. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी कुणीही दुरुस्त करावं असं संकेतस्थळ काढलं आणि होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसवरून त्याला ‘विकी’ नाव दिलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. त्यातून २००१ मध्ये विकिपीडिया उभा राहिला. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलणारी वेब ही नवी टूम नव्हे. पहिल्याच दिवशी ठरलेली गोष्ट मधली काही वर्षं राहून गेली होती.

मराठीला मात्र या दारातून आत जायला आणखी वेळ लागला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण आपला मजकूर फॉन्टच्या कैदेत होता. एका गावी टाइप केलेली कविता दुसऱ्या गावच्या सायबर कॅफेत उघडली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा! तोच फॉन्ट त्या यंत्रावर असेल तरच कविता. शोधायला जावं तर मराठी शब्द सापडायचाच नाही, कारण यंत्राच्या लेखी तो मराठी नव्हताच. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ही कोंडी फोडली. देवनागरी त्यात १९९१ पासून होती; पण विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावर ती घरोघरच्या यंत्रांत पोचली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. वेगाचं कौतुक सगळे करतात, मला या क्रमांकांचं अधिक वाटतं. त्यांच्याविना मराठी माणूस वेबवर वाचकच राहिला असता. आणि तोही इंग्रजीचा.

या सगळ्याबरोबर लिखाण पुन्हा खिशातून निघून परक्या घरी जाऊ लागलं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं, तेव्हा पत्रांसाठी जागा मिळे ती दोन मेगाबाइट. १ एप्रिल २००४ ला गुगलने एक गिगाबाइट देऊ केली. तारीख पाहून अनेकांनी ती थट्टाच समजली. मग २००६ मध्ये अॅमेझॉनने आपली यंत्रं भाड्याने द्यायला काढली. साठवणुकीला गिगाबाइटमागे महिन्याला पंधरा सेंट, यंत्राला तासाला दहा सेंट. यंत्रं विकत घ्यायची ऐपत नसलेल्या पोरांनाही त्यामुळे जगाला पुरेल एवढं संकेतस्थळ चालवता आलं. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम शंभर कोटी डॉलरला घेतलं, तेव्हा तिथे माणसं होती तेरा.

आमच्या घरांत विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूला अमानत म्हणतात. ती वापरायची नाही, गमवायची नाही, मागितली की जशीच्या तशी परत करायची. ढगवाल्यांनी असा शब्द कधी दिलेला नाही. त्यांच्या अटी कुणी वाचत नाही एवढंच. जिओसिटीज या संकेतस्थळावर लोकांनी स्वतःची पानं बांधली होती. तिथे चक्क मोहल्ले होते. सिनेमावाल्यांचा हॉलिवूड, अभ्यासूंचा अथेन्स. १९९९ मध्ये याहूने ते विकत घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केलं. काही हौशी लोकांनी रात्रंदिवस उतरवून घेतलं तेवढं वाचलं. ब्राझील आणि भारत यांनी डोक्यावर घेतलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. मायस्पेसवर २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी यंत्रं हलवताना नष्ट झाली. ही गोष्ट २०१९ मध्ये जगजाहीर झाली.

आणि ढग काही आकाशात नसतो. तो नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या इमारतींत असतो, वीज खातो, तापतो, त्याला थंड ठेवावं लागतं. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची पाच मजली इमारत जळून गेली. कंपनीच्या संस्थापकाने ग्राहकांना कळवलं, आपापली आपत्कालीन व्यवस्था सुरू करा. अनेकांकडे ती नव्हती. आणि काहींनी दक्षता म्हणून जी दुसरी प्रत करून ठेवली होती, ती त्याच आवारात होती.