उसनवार घेतलेला काळ

मूल वयांत येतें तेव्हां निसर्ग कोणाची परवानगी मागत नाहीं. मुलाचा आवाज फुटतो, मुलीचा बांधा बदलतो, आणि घरांतील वडील माणसें हा बदल कांहींशा कौतुकानें, कांहींशा काळजीनें पाहत असतात. परंतु थोड्या मुलांना हाच बदल असह्य वाटतो. शरीर एक सांगतें आणि मन दुसरेंच सांगतें, अशी त्यांची व्यथा असते. वैद्यकांत या अवस्थेला 'जेंडर डिस्फोरिया' असें नांव आहे. मराठींत तिला लिंगभावाची अस्वस्थता म्हणतां येईल. अशा मुलांना औषध द्यावें किंवा नाहीं, दिल्यास कोणत्या वयांत, आणि संमति कोणाची ग्राह्य मानावी, या प्रश्नांवर युरोपांत व अमेरिकेंत मोठा वाद माजला आहे. त्या वादाच्या मुळाशीं जावयाचें तर कांहीं दशकें मागें, हॉलंडकडे वळलें पाहिजे.

प्रौढांपुरता हा विषय त्याहूनहि जुना आहे. बर्लिन येथें डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनीं १९१९ सालीं लैंगिक शास्त्राची संस्था काढली होती. १९३३ च्या मे महिन्यांत नाझी विद्यार्थ्यांनीं ती लुटली आणि तिचें ग्रंथालय भर चौकांत जाळलें. १९५२ सालीं क्रिस्टीन जॉर्गेन्सन या अमेरिकन व्यक्तीनें डेन्मार्कमध्यें शस्त्रक्रिया करून घेतल्याची वार्ता जगभर झळकली. पण हे सारे वयांत आलेले लोक होते. मुलांचा प्रश्न निराळा, कारण त्यांच्या बाबतींत काळ थांबत नाहीं.

नेमका तो काळच थांबविण्याची कल्पना डच तज्ज्ञांना सुचली. प्रौढपणीं उपचार घेणाऱ्यांचा फुटलेला आवाज किंवा वाढलेलीं हाडें पूर्ववत् होत नाहींत, आणि त्याचें दुःख त्यांना जन्मभर सोसावें लागतें, असें त्यांच्या पाहण्यांत आलें होतें. फार लहान वयांत यौवनाचीं लक्षणें दिसूं लागणाऱ्या मुलांसाठीं एक औषध आधींपासूनच वापरांत होतें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर त्याचा परिणाम होऊन लिंगग्रंथींना मिळणारा इशारा बंद पडतो; औषध थांबविलें कीं यौवनाचा क्रम पुन्हा सुरू होतो. पेगी कोहेन-केटेनिस या मानसशास्त्रज्ञ बाई व त्यांचे सहकारी यांनीं हेंच औषध या मुलांना देण्यास आरंभ केला. मुलाला विचार करण्यास अवधि मिळावा, हा त्यांतील एक मुख्य हेतु होता. २००६ सालीं ही पद्धति सविस्तर प्रसिद्ध झाली. बाराव्या वर्षापासून यौवन रोखणारें औषध, सोळाव्या वर्षापासून इच्छित लिंगाचीं संप्रेरकें, आणि अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया, असा तिचा क्रम होता. अटीहि कडक होत्या. अस्वस्थता लहानपणापासूनची असावी, उपचारांस बाध आणणारा दुसरा मानसिक विकार नसावा, आणि कुटुंबाचा पाठिंबा असावा.

या रीतीनें निवडलेल्या ७० मुलांची हकीकत २०११ सालीं प्रसिद्ध झाली. औषध चालू असतां त्यांची खिन्नता कमी झाली व वागणूक सुधारली. शरीराविषयींची मूळ अस्वस्थता मात्र तशीच राहिली. त्यांपैकीं ५५ जणांच्या तरुणपणींच्या पाहणीचा वृत्तांत २०१४ सालीं निघाला. संप्रेरकें व शस्त्रक्रिया यांनंतर अस्वस्थता शमली होती, आणि त्यांचें समाधान समवयस्कांच्या तोडीचें आढळलें. मूळच्या मुलांपैकीं एक जण शस्त्रक्रियेनंतरच्या विकारानें दगावला होता. हॉलंडच्या या अनुभवावरून ती पद्धति इतर देशांतहि पसरली.

इंग्लंडांत अशा मुलांसाठीं १९८९ सालीं एक लहानसें उपचारकेंद्र निघालें होतें; पुढें तें लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेंत गेलें. २०११ पासून तेथें ४४ मुलांवर या औषधाचा अभ्यास सुरू झाला. त्याचे निष्कर्ष हातीं येण्यापूर्वींच औषध नेहमींच्या उपचारांत दाखल झालें. निष्कर्ष २०२१ सालीं छापून आले, तेव्हां मुलांच्या मानसिक प्रकृतींत मोजण्याजोगा फरक दिसला नाहीं. दरम्यान केंद्राकडे येणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे २५० होती ती दहा वर्षांत ५,००० वर गेली. पूर्वीं मुलगे अधिक येत, आतां मुली अधिक येऊं लागल्या. कित्येकींची अस्वस्थता यौवनाबरोबरच सुरू झालेली असे, आणि खिन्नता, स्वमग्नता यांसारख्या इतर अडचणीहि त्यांना असत. ज्या मुलांसाठीं डच पद्धति आंखली गेली, त्यांच्याहून हीं मुलें बरींच वेगळीं होतीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हॉलंडांतील ७० पैकीं ७० मुलें पुढें संप्रेरकांकडे वळलीं. इंग्लंडांतील ४४ पैकीं ४३. निवड अचूक होती म्हणून असें घडलें, असें एक पक्ष म्हणतो. विचारासाठीं दिलेला अवधि हीच पुढच्या वाटेची पहिली पायरी ठरली, असें दुसरा पक्ष म्हणतो. केवळ या आंकड्यांवरून दोघांत निवाडा करतां येत नाहीं.

निवाड्यासाठीं प्रकरण न्यायालयांत गेलें. एका तरुणीला सोळाव्या वर्षीं हें औषध, पुढें पुरुषी संप्रेरकें, आणि विसाव्या वर्षीं स्तन काढण्याची शस्त्रक्रिया असे उपचार मिळाले होते. नंतर तिला पश्चात्ताप झाला. पुरेशी समज असलेलें सोळा वर्षांखालील मूल स्वतः उपचारास संमति देऊं शकतें, असें इंग्लंडच्या उमरावसभेनें १९८५ सालीं ठरविलें होतें. परंतु या उपचारांचे परिणाम समजण्याची पात्रता तेरा वर्षांच्या वा त्याहून लहान मुलांत असणें फारच असंभवनीय, असें उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२० मध्यें म्हटलें. अपील न्यायालयानें सप्टेंबर २०२१ मध्यें तो निर्णय फिरविला. ही पात्रता पारखणें डॉक्टरांचें काम आहे, न्यायाधीशांचें नव्हे, असें त्यानें सांगितलें.

मग सरकारी आरोग्यसेवेच्या सांगण्यावरून बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांनीं चार वर्षें चौकशी करून एप्रिल २०२४ मध्यें अहवाल दिला. यौवन रोखणाऱ्या औषधावरील ५० अभ्यास यॉर्क विद्यापीठानें त्यांच्यासाठीं तपासले. त्यांपैकीं एकच उच्च दर्जाचा निघाला. टॅव्हिस्टॉकचें केंद्र मार्च २०२४ मध्येंच बंद झालें होतें. डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें या कारणासाठीं नव्या मुलांना हें औषध देण्यावर बेमुदत बंदी घातली व संशोधनाला तेवढी सवलत ठेविली. टीकाकारांचें म्हणणें असें कीं, बालवैद्यकांतील इतर अनेक उपचारांनाहि याहून भक्कम पुरावा नसतो, आणि दाढी-मिशा फुटणें लपत नसल्यामुळें येथें आदर्श प्रयोग करणेंच कठीण आहे.

फिनलंड व स्वीडन येथें वैद्यकीय अधिकाऱ्यांनींच हे उपचार आवरते घेतले. अमेरिकेंत मात्र प्रश्न राजकारणाच्या आखाड्यांत उतरला. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेनें २०१८ सालीं या उपचारांना पाठिंबा दिला व २०२३ सालीं तो कायम ठेविला. उलट अनेक राज्यांनीं बंदीचे कायदे केले. टेनेसी राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें जून २०२५ मध्यें सहा विरुद्ध तीन मतांनीं वैध ठरविला.

या साऱ्या इतिहासांत सर्वांत खेदाची गोष्ट एका लहानशा प्रकरणांत आढळते. टॅव्हिस्टॉकहून बाहेर पडलेल्या सुमारे ९,००० रुग्णांचें पुढें काय झालें, हें कॅस यांना जाणून घ्यावयाचें होतें. प्रौढांच्या सात केंद्रांपैकीं सहांनीं त्या वेळीं सहकार्य केलें नाहीं. किती जणांना सुख लाभलें, किती जणांना पश्चात्ताप झाला, हें सांगूं शकणारी वही अशा रीतीनें मिटलेलीच राहिली.

औषध देण्यांत धोका आहे: हाडांची घनता, पुढील अपत्यप्राप्ति आणि आयुष्याची वाट, हीं सर्व त्यांत गुंतलेलीं आहेत. औषध न देण्यांतहि धोका आहे, कारण नको असलेलें यौवन त्या मुलाच्या दारीं आपल्या पावलांनीं येतच असतें. दोन्हीकडचा बोजा अखेर मुलालाच वाहावा लागतो. डच तज्ज्ञांनीं त्याच्यासाठीं काळ उसनवार घेतला, आणि थोड्या का होईना, मुलांचा हिशेब लिहून ठेविला. पुढें घेणारे वाढले, हिशेब मागें पडला. आणि जेथें हिशेब नसतो तेथें पक्षाभिमान त्याची जागा घेतो. ज्या मुलांवर उपचार झाले त्यांची आणि ज्यांवर झाले नाहींत त्यांचीहि हकीकत दीर्घकाळ, निःपक्षपातानें लिहिली जाईल, तेव्हांच पुढच्या मुलाच्या आईबापांना कोणी खरें उत्तर देऊं शकेल.