खडबडीत रस्ते आणि मोटारीची अलॉय चाके
मुरबाड-शहापूरच्या वाटेवर जाण्यापूर्वी काय पाहावे?

जून संपत आला की मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मोटारी शनिवार-रविवारी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांकडे वळू लागतात. कोणी माळशेज घाटातील धबधब्यांसाठी निघतो, कोणी गोरखगड, नाणेघाट वा माहुलीच्या पायथ्याशी जातो, तर कोणी भातसा धरणाच्या परिसरात. यांतील बऱ्याच मोटारींची कारखान्यातून आलेली मूळ चाके काढून त्यांच्या जागी बाजारातून घेतलेली, आकाराने मोठी अलॉय चाके बसवलेली असतात. ती दिसायला देखणी असतात, शहरातल्या बऱ्या रस्त्यांवर तक्रारीला जागाही देत नाहीत. परंतु मुरबाडच्या पुढे एखाद्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळून रिमला तडा गेला, तर ट्यूबलेस टायरमधील हवा पाहता पाहता निघून जाते आणि पंक्चर काढण्याचे साहित्य तेथे काहीच कामाचे ठरत नाही. हे नुकसान नेमके का होते, चाके निवडताना काय पाहावे आणि नुकसान झाल्यावर काय करू नये, याची ही माहिती.

चाक पोलादी आणि अलॉय

ज्याला बाजारात नुसते ‘डिस्क’ म्हणतात ते साधे चाक पोलादी पत्र्याचे असते. अलॉय चाक बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, ओतीव पद्धतीने तयार केलेले असते. ॲल्युमिनियमचे ओतीव चाक १९२४ साली बुगाटी कंपनीच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला बसवण्यात आले होते. पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाके आली. आपल्याकडे आजही अनेक जण अलॉयला ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते नाव तेथूनच आले.

सध्याच्या ओतीव चाकांसाठी सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू ‘ए ३५६’ या नावाने ओळखला जातो. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असते. चाक ओतल्यानंतर ते सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करतात आणि मग त्याहून बऱ्याच कमी तापमानावर काही तास ठेवतात. चाकाला मजबुती येते ती या उष्णताप्रक्रियेमुळे. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे दुरुस्तीचा प्रश्न येतो तेव्हा तीच निर्णायक ठरते.

दोन्ही धातूंचा स्वभाव निराळा आहे. पोलाद जोराचा मार बसला की वाकते. त्याचा बेंड हातोड्याने ठोकून बऱ्याच अंशी काढता येतो. ओतीव ॲल्युमिनियम थोडेसे वाकते आणि त्यापलीकडे ताण गेला की तडकते. घडाई केलेली, म्हणजे फोर्ज्ड चाके अधिक चिवट असतात, परंतु ती महाग असल्याने बाजारात बसवली जाणारी बहुतेक चाके ओतीवच असतात.

खरे संरक्षण रबराचे

तथापि सगळा दोष धातूच्या माथी मारणे योग्य नाही. अनेक मोटारींना कारखान्यातूनच अलॉय चाके येतात आणि ती ग्रामीण रस्त्यांवर वर्षानुवर्षे टिकतात. नुकसानीचे मोठे कारण चाकाचा वाढवलेला आकार आणि त्यामुळे कमी झालेली टायरची उंची हे असते.

टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५’ अशी संख्या असते. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. म्हणजे या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. मोटारीचा वेगदर्शक आणि अंतरमापक अचूक राहावा यासाठी टायरसह चाकाचा एकूण व्यास कायम ठेवावा लागतो. त्यामुळे रिम मोठी केली की टायरची भिंत तेवढी आखूड करणे भाग पडते. याच मोटारीला १६ इंची रिमवर १९५/५५ चे टायर बसवले तर भिंत सुमारे १०७ मिलिमीटर राहते. १७ इंची रिमवर २१५/४५ बसवले तर ती ९७ मिलिमीटरच्या आसपास येते. तिन्ही वेळा चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच, परंतु रिम आणि रस्ता यांच्यामधील रबराची आणि हवेची गादी सव्वादोन सेंटिमीटरहून अधिक कमी झालेली असते.

खड्ड्याच्या पुढच्या कडेवर चाक आदळते तेव्हा टायर दबतो. भिंत पुरेशी उंच असेल तर तो धक्का रबर आणि हवा मिळून सोसतात. भिंत आखूड असेल किंवा हवा कमी असेल, तर टायर रिमच्या कडेपर्यंत चेपला जातो आणि खड्ड्याची कड व रिम यांच्यामध्ये चिमटतो. अशा वेळी टायरच्या आतील दोरे तुटून बाजूला फुगा येतो, रिम वाकते किंवा तडकते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकदमच होतात. वेगाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने निभावलेला खड्डा ताशी ६० वेगाने निभावेलच असे नाही.

या भागातील रस्त्यांचे स्वरूप

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी करीत माळशेज घाट चढून आळेफाट्याकडे जाणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याचा जुना क्रमांक २२२, तर नवा ६१. मुरबाड कल्याणपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. शहापूर तालुका मुंबई-नाशिक महामार्गावर आहे आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. मोठ्या मार्गांवरून वेगाने येण्याची सवय झालेला चालक किन्हवली, डोळखांब, म्हसा, देहरी अशा गावांकडे वळतो तेव्हा रस्ता बदलतो, वेग मात्र लवकर बदलत नाही. चाकांच्या दृष्टीने हा मोठा धोका आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस मुसळधार पडतो. पाणी डांबराच्या थरात झिरपले की खडी सुटते आणि अवजड वाहनांच्या चाकांखाली तेथे खड्डा पडतो. अशा खड्ड्याच्या कडा गोलाकार नसून तुटक व धारदार असतात. त्यात गढूळ पाणी साचले की खोली कळत नाही. याखेरीज चार जागा विशेष सांभाळाव्यात. डांबरी रस्ता संपून काँक्रीट सुरू होते तेथील पायरी. मोरीच्या अलीकडे-पलीकडे खचलेला भराव. समोरून ट्रक आला की जिच्यावर उतरावे लागते ती खचलेली साइडपट्टी. आणि रंगाचे पट्टे नसलेला गतिरोधक. घाटात याला वरून घरंगळलेल्या दगडांची जोड मिळते. असा दगड चाकाखाली आला तर त्याचा मारा खड्ड्याच्या कडेसारखाच असतो.

चाचणीचा अर्थ काय?

चांगल्या चाकांची तीन प्रकारे चाचणी घेतली जाते. वळणावरील ताण सतत देऊन, भाराखाली दीर्घकाळ फिरवून आणि आघात करून. वाहनांच्या चाचण्या घेणारी पुण्याची एआरएआय ही संस्था महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहेच. आघाताच्या चाचणीसाठी आयएसओ ७१४१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात टायर चढवलेले चाक १३ अंशांत तिरके बसवून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन पाडतात. हे वजन चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पटीत १८० किलो मिळवून ठरते. म्हणजे ५६० किलो भाराच्या चाकासाठी ते ५१६ किलो होते.

चाकाच्या मध्यभागी आरपार तडा गेला, मधला भाग रिमपासून सुटला किंवा एका मिनिटात सगळी हवा गेली, तर चाक अनुत्तीर्ण ठरते. मात्र वजन पडले त्या जागी रिम वाकली, तर तेवढ्यावरून चाक नापास होत नाही. ग्राहकाने समजून घ्यावे ते हेच. प्रमाणित चाक खड्ड्यात वाकणारच नाही अशी हमी कोणतेही मानक देत नाही. ते जीवघेण्या पद्धतीने तुटू नये, एवढीच अपेक्षा असते. प्रमाणित नसलेल्या नकली चाकाबाबत तेवढाही भरवसा उरत नाही.

विकत घेताना

नामांकित नमुन्यांची हुबेहूब नक्कल असलेली चाके बाजारात मिळतात. नुसते रंगरूप पाहून फरक कळत नाही, म्हणून चाकाची आतील बाजू पाहावी. तेथे व्यास, रुंदी, ऑफसेट आणि कमाल भार ओतीव अक्षरांत असले पाहिजेत. केंद्र सरकारने २०२० साली चाकांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, त्यामुळे आयएसआय चिन्ह आहे का तेही तपासावे. ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण जपानी मानकाची असते. परंतु कोणतीही खूण नकली चाकावरही कोरता येते, म्हणून पावती आणि निर्मात्याचे नाव यांचा आग्रह धरावा.

नटांच्या भोकांचे अंतर, म्हणजे पीसीडी, मोटारीशी तंतोतंत जुळले पाहिजे. मधले भोक हबपेक्षा मोठे असल्यास योग्य मापाची रिंग लागते, अन्यथा चाक थरथरते. टायरचा भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८४ म्हणजे प्रत्येक टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. अलॉय चाकांच्या नटांची बैठक पुष्कळदा पोलादी चाकांपेक्षा वेगळी असते. स्टेपनी पोलादी असेल तर तिचे नट गाडीत निराळे ठेवावेत.

आकाराबाबत सोपा नियम असा, की त्याच मोटारीच्या सर्वांत वरच्या प्रकाराला कंपनी ज्या मापाची चाके देते, त्यापलीकडे जाऊ नये. ते माप मोटारीच्या पुस्तिकेत किंवा दरवाजाजवळील पट्टीवर सापडते. ज्यांना दर महिन्याला गावाकडे जावे लागते, त्यांनी मूळ मापच ठेवणे श्रेयस्कर.

प्रवासात आणि प्रवासानंतर

हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. खडबडीत रस्ता म्हणून हवा कमी करण्याची जुनी सवय आखूड टायरांच्या बाबतीत घातक ठरते. खड्डा टाळता येणार नसेल तर वेग आधीच कमी करावा, पण कडेवर पोहोचताना ब्रेक सोडून द्यावा. ब्रेक दाबलेला असेल तर गाडीचा भार पुढे येतो, पुढचे स्प्रिंग दबतात आणि चाकाला जास्त मार बसतो. चाक अचानक वळवून खड्डा चुकवण्याचा प्रयत्न अरुंद रस्त्यावर खड्ड्याहून धोकादायक आहे.

जोराचा आघात झाल्यास सुरक्षित जागी थांबून टायरला फुगा आला आहे का ते पाहावे. रिमची आतील कड बाहेरून दिसत नाही, परंतु बहुतेक चाकांच्या आऱ्या बाहेरच्या बाजूला असल्याने आतील कडेला आधार कमी असतो आणि बेंड पुष्कळदा तेथेच येतो. परतल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले किंवा एकाच टायरची हवा वारंवार उतरू लागली, तर चाक काढून आतून तपासून घ्यावे. साबणाच्या पाण्याने तडा चटकन सापडतो.

कडेचा लहानसा बेंड योग्य यंत्रावर काढता येतो. परंतु गॅसच्या ज्वाळेने चाक तापवून ठोकले तर वर सांगितलेल्या उष्णताप्रक्रियेने आलेली मजबुती त्या जागी नाहीशी होते. तडा आर्गॉन वेल्डिंगने बुजवून, रंगवून दिला तरी तेच घडते. चाक नव्यासारखे दिसते, पण नव्याइतके भक्कम राहत नाही. आरी, नटांची जागा किंवा मधला भाग तडकलेले चाक कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वापरू नये. घाट उतरताना पुढचे चाक निकामी झाले तर त्याची किंमत चाकाच्या किमतीत मोजता येत नाही.

विमा आणि कायदा

खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात फक्त टायरचे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्याच वेळी वाहनाचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच भरपाई मिळते. बाहेरून बसवलेल्या चाकांची नोंद विम्यात केलेली नसेल तर दावा अडकू शकतो. टायर व रिमसाठीचे वेगळे संरक्षण घेताना, ते बाहेरून बसवलेल्या चाकांना लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. निर्मात्याच्या मापातच राहण्याचे हे आणखी एक कारण. खड्ड्यांमुळे मृत्यू किंवा दुखापत झाल्यास भरपाई देण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिले. वाकलेल्या रिमचा खर्च मात्र त्यात येत नाही, तो मालकालाच सोसावा लागतो.

शेवटी स्टेपनीचा मुद्दा. जुलै २०२० मधील नियमबदलानुसार, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान वाहनांना जादा चाकाची सक्ती नाही. पंक्चरसाठी ही सोय पुरेशी आहे, तडकलेल्या रिमसाठी नाही. म्हणून टोकावड्याच्या पुढे किंवा डोळखांबच्या आत जाणाऱ्याने हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना आणि त्या चाकाला बसणारे नट यांची खात्री घरीच करून निघावे.